रेंज माळ्यावर, नेट माजघरात

राजापूर तालुक्यात, पाचलच्या पुढे अणुस्कुरा घाटाच्या अंगाला आमची वाडी आहे. घर पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला, सखलात. दोन्ही बाजूंना डोंगर, मागे आंब्या-फणसांची दाटी, भिंती चिऱ्याच्या आणि दीड फूट जाड, वर मंगलोरी कौलं. उन्हाळ्यात घर गार राहतं ते या सगळ्यामुळे, आणि मोबाइलला रेंज येत नाही तीही यामुळेच. फोन करायचा तर सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळ-माळावर, जायचं, ही आमच्याकडची रीत. कुणी "जरा सड्यावर जाऊन येतो" म्हणालं की तो फोन करायला निघाला हे वेगळं सांगावं लागत नाही. 2020 मध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली तेव्हा वाडीतली मुलं छत्र्या घेऊन सड्यावर बसून तास ऐकायची. त्याच वर्षी सिंधुदुर्गातल्या एका पशुवैद्यकीच्या विद्यार्थिनीने अभ्यासासाठी डोंगरावर बांधलेली झोपडी वर्तमानपत्रांतून गाजली. आमच्याकडे त्याचं कौतुक झालं, नवल कुणाला वाटलं नाही.

बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर मी पुण्याहून गावी येऊन राहिले. माझं काम एका कर सल्लागाराच्या ऑफिसातलं. जीएसटीची रिटर्नं भरायची, खाती तपासायची, दिवसातून दोन-तीन वेळा ऑफिसशी व्हिडिओवर बोलायचं. काम गावातून करायला ऑफिसची हरकत नव्हती, फक्त नेट हवं. आमच्या वाडीत फायबर आलेली नाही. छपरावर यंत्र बसवून देणाऱ्या वायरलेस ब्रॉडबँडसाठी चौकशी केली, तर आमच्या पत्त्यावर ती सेवा मिळत नव्हती. टॉवर आहे, पण दरीच्या पलीकडे, डोंगराच्या खांद्यावर, आणि घराच्या ओट्यावरून तो दिसत नाही.

गावात दोघा-तिघांनी बूस्टर लावायचा सल्ला दिला. ऑनलाइन दोन-तीन हजारांपासून मिळतात. ते मी लगेच बाजूला ठेवलं. परवान्याशिवाय मोबाइल सिग्नलचा बूस्टर बाळगणं आणि लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. बिनतारी यंत्रांना परवाना लागतो, हा नियम 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आलेला आहे. त्यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. असला स्वस्त बूस्टर टॉवरच्या दिशेने नुसता गोंगाट ओततो आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन बिघडवतो. ज्या टॉवरवर आमच्यासारख्या पाच-सहा वाड्या कशाबशा तगून आहेत, त्याला आपल्या घरासाठी त्रास द्यायचा हे मनाला पटत नव्हतं. वायफायचं तसं नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा (बँड) आपल्याकडे 2005 पासून आणि 5 गिगाहर्ट्झचा 2018 पासून विनापरवाना वापराला मोकळा आहे. म्हणजे मोबाइलची रेंज उचलून घरात आणणं चालणार नाही, पण जिथे रेंज आहे तिथे एक फोन ठेवायचा आणि त्यातलं नेट वायफायने किंवा वायरने घरात आणायचं, याला कुणाची आडकाठी नाही. छपरावरच्या ब्रॉडबँडचं तत्त्वही हेच. अँटेना बाहेर, माणसं आत. माझ्याकडे अँटेनाच्या जागी एक फोन होता.

सगळं काम यानंतर एका प्रश्नावर येऊन ठेपलं: फोन नेमका कुठे?

इथे सुरुवातीलाच एक सांगते, कारण बहुतेक जण इथेच अडतात. फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या काड्या बघून जागा शोधू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. दोन वेगवेगळे फोन शेजारी ठेवले तर एक तीन काड्या दाखवतो, दुसरा एक. खरा आकडा सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात सिमच्या स्थितीत मिळतो. काही फोनवर तो लपवलेला असतो, मग नेटवर्क सेल इन्फोसारखं एखादं अ‍ॅप घ्यावं लागतं. आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, आणि उणे असतो. उणे 80 म्हणजे उत्तम, उणे 100 म्हणजे चालेल, उणे 115 च्या खाली गेलं की फोन तग धरून आहे एवढंच. हे मोजमाप सरळ रेषेत चालत नाही. तीनाचा फरक म्हणजे दुप्पट सिग्नल, दहाचा म्हणजे दहापट, वीसाचा म्हणजे शंभरपट. एकदा हे डोक्यात बसलं की चार-पाच आकड्यांसाठी शिडी चढायचा कंटाळा येत नाही.

माजघरात उणे 121 होतं, तेही मध्येच गायब व्हायचं. पडवीत 114 (उणे हा शब्द पुढे गाळते; आकडा लहान तितकी रेंज चांगली). खळ्यात उभं राहिलं तर 110. मागच्या दारी, न्हाणीजवळ, काहीच नाही. सड्यावर 78, पण तो अर्ध्या तासाच्या चढावर. धाकटा चुलतभाऊ फणसावर चढला आणि तिथून ओरडला, "सत्त्याण्णव!" आकडा चांगला होता. पण फणसावर वीज न्यायची कशी, पावसात फोन झाकायचा कसा, आणि वैशाखात विजा कडाडायला लागल्या की काय, या प्रश्नांना उत्तर नव्हतं. मग माळा.

आमचा माळा म्हणजे भाताच्या कणग्या, जुनी भांडी, गणपतीची आरास आणि धूळ. आढ्याखाली उभं राहता येतं, कडेला वाकावं लागतं. घराच्या दोन्ही टोकांना, जिथे भिंत छपराच्या उताराबरोबर त्रिकोणी होत जाते, तिथे हवेसाठी लाकडी जाळीचा झरोका आहे. पूर्वेकडचा झरोका दरीकडे तोंड करून. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आसपासचे टॉवर नकाशावर बघता येतात. त्यावरून दिशा काढली होती, आणि ती या झरोक्याशी बऱ्यापैकी जुळत होती. भिंत चिऱ्याची, पण झरोक्यात लाकूड आणि भोकं. सिग्नलला आत यायला तेवढी वाट पुरते.

झरोक्याशी फोन धरला तर 108. मनातून थोडी खट्टू झाले. मग फोन वीतभर डावीकडे सरकवला आणि आकडा 101 वर आला. पुन्हा चार बोटं पुढे नेला, परत 107. हे बघायला मला फार आवडलं. टॉवरकडून येणारी लहर एका वाटेने येत नाही. थोडी सरळ येते, थोडी समोरच्या डोंगरावर आपटून, थोडी कौलांवरून, थोडी ओल्या झाडांवरून. या सगळ्या लहरी एका जागी एकमेकींना बळ देतात, दुसऱ्या जागी एकमेकींना मारतात. 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर. त्यामुळे आठ सेंटिमीटरवर चित्र पालटू शकतं. खडू घेऊन मी झरोक्याच्या चौकटीवर खुणा करत गेले: इथे 101, इथे 107, इथे 104, आडवा धरला तर 106, उभा धरला तर पुन्हा 101. प्रत्येक जागी फोन ठेवून हात काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि मग वाचायचं, कारण आपला हात आणि अंगसुद्धा सिग्नल खातं आणि आकडाही उशिरा बदलतो. चौकटीवरच्या त्या खुणा मी अजून पुसलेल्या नाहीत.

सिम कुठलं घ्यायचं ते असंच मोजून ठरलं. वाडीतल्या लोकांकडून वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं तासाभरासाठी मागून आणली आणि त्याच खुणेवर तपासली. "सड्यावर कुठल्या सिमला जास्त रेंज" या गावातल्या माहितीचा माळ्यावर उपयोग झाला नाही. प्रत्येक कंपनीचे टॉवर आणि पट्टे वेगळे असतात. 850 आणि 900 मेगाहर्ट्झसारखे खालचे पट्टे लांब जातात, भिंतीतून शिरतात, डोंगराच्या आडूनही थोडेफार वळून येतात. पण त्यांच्यात जागा कमी, आणि लांबलांबची सगळी माणसं त्यांच्यावरच लटकलेली असतात. 2300 चा पट्टा रुंद, वेग चांगला, पण तो आमच्या सखलात पोचता पोचता दमतो. मला 1800 चांगला मिळाला. खालच्या पट्ट्यावरचं एक सिम आकड्यात माझ्या सिमपेक्षा सहाने सरस होतं, आणि तरी त्यावर संध्याकाळी साधं पान उघडत नव्हतं. म्हणून आकडा बघाच, पण त्याबरोबर संध्याकाळी सात ते दहामध्ये वेगही बघा.

आता परावर्तकाची गोष्ट. फोनचा अँटेना चोहीकडे सारखाच बघत असतो. त्याला टॉवरकडे बघायला लावायचं तर त्याच्या पाठीमागे धातू हवा, टॉर्चच्या दिव्यामागे चकाकती वाटी असते तसा. लोक चाळणी लावतात, कढई लावतात, अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावतात. धातूचा पसारा लहरीच्या लांबीपेक्षा चांगला मोठा हवा, नाहीतर काही फरक पडत नाही. त्यामुळे वाटीएवढं काही लावून उपयोग नाही. मी पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा घेतला. चुलतभावाने तो कातरीने उभा कापून उलगडला, कडा ठोकून दुमडल्या म्हणजे हात कापायला नको, आणि मधोमध थोडा बाक देऊन लाकडी पट्टीवर खिळ्यांनी बसवला. सपाट पत्रा असेल तर फोन आणि पत्र्यात लहरीच्या पाव लांबीचं अंतर ठेवावं, म्हणजे 1800 ला चार सेंटिमीटरच्या आसपास. तिथून सुरुवात करून मागेपुढे करत गेले. 101 चा आकडा 96 वर स्थिरावला.

माजघरातल्या 121 पासून माळ्यावरच्या 96 पर्यंत पंचवीसचा फरक होतो. म्हणजे तिनशेपटीहून जास्त. यासाठी एक फोन वर नेला आणि एक डबा कापला, एवढंच.

खरा फायदा मात्र या आकड्यात नव्हता. अ‍ॅपमध्ये आणखी एक आकडा दिसतो, सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते सांगणारा. तो पत्र्याशिवाय तीनच्या आसपास होता, पत्रा लावल्यावर नऊवर गेला. फोन उंचावर गेला की त्याला एक टॉवर चांगला ऐकू येतो आणि त्याचबरोबर लांबचे आणखी दोन-तीनही ऐकू येतात. हवा तो आवाज त्यात बुडतो. पत्र्याने मागच्या बाजूचे टॉवर झाकले गेले, त्यामुळे वेग आकड्याच्या मानाने कितीतरी जास्त सुधारला. सकाळी पंधरा एमबीपीएस, संध्याकाळी पाच-सहा. व्हिडिओवर माझा आवाज तुटायचा थांबला, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. 4जीवर फोनची ताकद साधारण जास्तीत जास्त 200 मिलिवॅट. टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला पोचत नाही, अशी स्थिती कमी रेंजमध्ये नेहमीची. म्हणून समोरचा आपल्याला दिसत राहतो आणि "तुमचा आवाज येत नाही" म्हणत राहतो.

आता नेट माळ्यावर होतं आणि मी माजघरात. पहिल्यांदा साधा हॉटस्पॉट चालू केला, 2.4 गिगाहर्ट्झवर, कारण तो लाकडातून आणि भिंतीतून 5 पेक्षा बरा जातो. माळ्याची तक्तपोशी लाकडी, त्यामुळे खाली माजघरात वायफाय छान मिळालं. पडवीत मात्र चिऱ्याच्या भिंतीने अडवलं. मध्ये एक रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारं यंत्र, लावून पाहिला. चाललं, पण हॉटस्पॉटवर फोन फार तापतो. एकाच वेळी टॉवरशी बोलायचं, घरातल्या सगळ्यांशी बोलायचं आणि वर चार्जही व्हायचं. शिवाय कुणी वापरत नाही असं बघून तो आपोआप बंद होतो. ते सेटिंगमध्ये बंद करता येतं, पण काही फोनवर तेही नसतं. मग माझ्यापुरती माळ्यावर चढउतार.

त्यापेक्षा वायर बरी. यूएसबीचं तोंड असलेला आणि ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची खुली प्रणाली) चालणारा राउटर जुन्या मालात मिळाला. त्यात अँड्रॉइड फोनचं टेदरिंग, म्हणजे फोनमधलं नेट वायरने दुसऱ्या यंत्राला देणं, ओळखणारं पॅकेज टाकलं की फोन त्याला नेटचा स्रोत म्हणून दिसतो. हे करायला एक रविवार गेला, आणि ज्यांना असल्या गोष्टींची सवय नाही त्यांनी टेदरिंगची सोय आधीपासूनच असलेला प्रवासी राउटर घ्यावा, थोडे पैसे जास्त जातील पण डोकं शांत राहील. फोन झरोक्याशी, राउटर तिथून दोन मीटरवर तुळईला. यूएसबीची वायर पाच मीटरपलीकडे नेऊ नये. त्याहून लांब न्यायचं तर अँड्रॉइड 11 पासून फोनमधून इथरनेटने, म्हणजे नेटवर्कच्या साध्या वायरने, नेट देता येतं. त्यासाठी फोनला लावायची वेगळी जोडणी लागते, पण ती वायर शंभर मीटरपर्यंत जाते. ज्यांच्या घरात कुठेच रेंज नाही आणि गोठ्यावर किंवा पाण्याच्या टाकीवर आहे, त्यांनी हा मार्ग बघावा. मला गरज पडली नाही. राउटरमधून एक साधी नेटवर्क वायर तुळईच्या कडेने पडवीत उतरवली आणि तिथे दुसरा जुना राउटर लावला. आता ओट्यावरसुद्धा चालतं.

एक छोटी गोष्ट, पण तिच्याशिवाय ही सगळी जुळणी गावात टिकली नसती. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद झाला की फोनमधलं टेदरिंगही बंद, आणि लाइट आल्यावर ते आपलं आपण चालू होत नाही. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे सेटिंग्जमधल्या एका लपलेल्या भागात, यूएसबी जोडल्यावर आपोआप काय व्हावं हे ठरवता येतं. तिथे टेदरिंग निवडायचं आणि स्क्रीनला कुलूप ठेवायचं नाही. मग वायर जिवंत झाली की नेट सुरू. राउटरला बाराशे रुपयांचा छोटा यूपीएसही लावला. फोनला स्वतःची बॅटरी आहेच. जुलैत आमच्याकडे लाइट जाते-येते याला काही हिशेब नसतो, पण तेवढ्या वेळात माझं रिटर्न अर्धवट राहत नाही.

बॅटरीबद्दल जरा थांबून सांगावं लागेल. कारण असं करणाऱ्यांपैकी बरेच जण फोन चार्जरला लावून वर्षभर विसरतात, आणि ते धोक्याचं आहे. लिथियमची बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि वर गरम, हे तिला सगळ्यात वाईट. एप्रिलमध्ये कौलांखाली दुपारी हात ठेवता येत नाही इतकं तापतं. झाडून काढायला माळ्यावर गेले तेव्हा पहिल्या फोनची पाठ एका कडेने उचललेली दिसली. आत बॅटरी फुगली होती. वायर काढली, फोन खळ्यात मोकळ्या जागी, दगडावर नेऊन ठेवला, आणि नंतर राजापूरच्या दुरुस्तीवाल्याकडे दिला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही आणि कचऱ्यात टाकायची नाही. त्यानंतरचा फोन घेताना ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे ना एवढं पाहिलं. स्क्रीनला तडा गेलेला, त्यामुळे स्वस्तात मिळालेला हा फोन. आपल्याला त्याचा चेहरा बघायचा नाही, पट्टे कुठले धरतो आणि दोन पट्टे एकत्र वापरतो का ते बघायचं. त्याच्या वरच्या कौलाला आतून थर्माकोलचा तुकडा बांधला, प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं, आणि आजूबाजूला पेंढा किंवा कागद राहणार नाही असं केलं. दर महिन्याला पाठीवर बोट फिरवून बघते.

आई सुरुवातीला धास्तावलेली होती. "गो, वर आगबिग लागली तर? सगळं छप्पर लाकडाचं आहे." तिचं बरोबरच होतं. म्हणून राउटरचा आणि फोनचा प्लग माजघरातल्या एका बटणावर आणला, आणि घर बंद करून कुठे जायचं असेल तर ते बटण तीच बंद करते. वैशाखातल्या वळवाला आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान विजा होतात तेव्हाही तेच. घराबाहेर उंच खांबावर फोन टांगायचा मोह मी केला नाही तो याचसाठी.

पावसाळ्यात काय होतं, हे मला खूप जणांनी विचारलं. 1800 च्या लहरीला पडणारा पाऊस म्हणण्यासारखा अडवत नाही. ओली कौलं, ओला चिरा आणि पाण्याने लगडलेली पानं मात्र अडवतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा 96 चा आकडा 100 वर गेला आणि ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहिला. झरोक्यासमोरची एक आंब्याची फांदी बाबांना विचारून काढली, तेव्हा दोन परत मिळाले. पण भर पावसात नेट पूर्ण जातं ते बहुतेक वेळा आपल्याकडून नाही, टॉवरकडून. टॉवरची वीज जाते, बॅटऱ्या उतरतात. शिवाय डोंगराळ भागात बरेच टॉवर पुढच्या टॉवरशी फायबरऐवजी मायक्रोवेव्हने जोडलेले असतात. ते खूप वरच्या पट्ट्यावर चालतं आणि जोरदार सरीत खरंच मार खातं. तेव्हा फोनवर आकडा चांगला दिसतो आणि काहीही उघडत नाही. अशा वेळी माळ्यावर चढून फोन हलवू नये. जमलेली जागा हुकते आणि पाऊस थांबल्यावर पुन्हा शोधावी लागते.

चतुर्थीला वेगळीच तऱ्हा. मुंबईची सगळी मंडळी गावी येतात, प्रत्येक घरात दहा-पंधरा फोन, आरतीचं थेट चित्रण मुंबईत राहिलेल्यांना दाखवायचं असतं. आकडा तोच, वेग नाही. त्या दिवसांत मी पहाटे पाचला उठून काम उरकते. टॉवर एकच आणि माणसं चौपट, त्याला माळ्यावरचा पत्रा काय करणार? सणाच्या दिवसांत सगळ्यांना थोडंथोडं मिळावं हेच ठीक.

घरातल्यांना या सगळ्यातून सर्वांत उपयोगी काय पडलं म्हणाल तर वायफाय कॉलिंग. 2019 च्या अखेरीस आणि 2020 च्या सुरुवातीला आपल्याकडे ही सोय आली. फोनला टॉवरची रेंज नसली तरी वायफायवरून नेहमीच्या नंबरवर नेहमीसारखा फोन येतो-जातो, वेगळं अ‍ॅप लागत नाही. बाबांच्या फोनमध्ये ते सेटिंग चालू केलं आणि त्यांना मुंबईच्या आत्याला फोन लावून दिला. माजघरात, पलंगावर बसून. ते बोलता बोलता सवयीने उठून दाराकडे निघाले होते. मी म्हटलं, "बाबा, बसा, इथूनच होतंय." रत्नागिरीच्या डॉक्टरांना दर पंधरवड्याला रक्तदाबाचे आकडे सांगायचे असतात, तेही आता ते स्वतः सांगतात. ऑपरेशननंतर सड्याचा चढ त्यांना मना आहे, त्यामुळे घरात नेट येण्याआधी त्यांचे सगळे फोन मीच करायची. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःची प्रकृती सांगायची हे त्यांना आवडत नव्हतं, हे त्यांनी तेव्हा बोलून दाखवलं नाही.

व्यवहारातल्या दोन-चार गोष्टी उरल्या. माळ्यावरच्या सिमचा नंबर बँकेला, गॅसला, कशालाही देऊ नका, नाहीतर प्रत्येक ओटीपीसाठी शिडी. रोजच्या डेटाची मर्यादा असते, म्हणून घरातल्या सगळ्या फोनवर आणि लॅपटॉपवर हे वायफाय ‘मर्यादित’ आहे असं सांगून ठेवा, म्हणजे ते आपसूक मोठमोठे अपडेट ओढत नाहीत. नाहीतर दुपारी दोनलाच दिवस संपतो. आणि ज्या घरात, माळ्यावर, झाडावर, गोठ्यावर कुठेही 110 पेक्षा चांगला आकडा मिळत नाही, तिथे यातलं काही चालणार नाही. तिथे ग्रामपंचायतीचा ठराव, टॉवरसाठी अर्ज, पाठपुरावा, हाच रस्ता. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये मोबाइल न पोचलेल्या 24,680 गावांसाठी 4जीची योजना मंजूर केली होती, म्हणजे अशा अर्जांना पूर्वी नव्हता तेवढा आधार आता आहे. तो अर्ज आमच्या पलीकडच्या वाडीने केला आहे.

काकीचं घर आमच्याहून खाली, पऱ्ह्याला लागून. तिचा माळा आम्ही खडू घेऊन पुरता मोजला, 113 पेक्षा चांगला आकडा मिळाला नाही. पण आमच्या पडवीच्या कोपऱ्यातून तिची ओटी सरळ दिसते, मध्ये फक्त पेरूचं एक झाड. तेव्हा तिच्याकडे दुसरा फोन लावण्याऐवजी आमच्याच वायफायला तिच्या ओटीकडे तोंड करून एक राउटर बसवायचा ठरलंय. राउटर आणून ठेवला आहे, खोका अजून फोडलेला नाही. चुलतभाऊ शनिवारी येतो, तेव्हा पेरूची वरची फांदी काढायची आणि तो लावायचा. काकीने आत्तापासूनच मुलीला सांगून ठेवलंय, रविवारी फोन कर म्हणून.